आधी संग्रह, मग ‘निवडक’

मे २०२५मध्ये कन्नड लेखिका बानू मुश्ताक यांच्या ‘हार्ट लॅम्प’ या कथासंग्रहाला आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला आणि मराठी वाचकांतला एक जुना वाद पुन्हा उकरून निघाला. नावाजलेला लेखक पहिल्यांदाच वाचायचा, तर सुरुवात कुठून करावी? एक बाजू सांगते, कथांपासून करा. छोट्या असतात, नाही जमल्या तर सोडून देता येतात. दुसरी बाजू म्हणते, कथांवरून लेखक कळत नसतो, त्याची मोठी कादंबरी असेल ती उचला. दोन्ही बाजू पाने मोजत बसल्या आहेत. लेखक कळणे हे कथेच्या लांबीवर फारसे अवलंबून नसते, हातातले पुस्तक कोणी लावले यावर बरेच असते. म्हणून माझे म्हणणे असे: लेखकाने स्वतः सिद्ध केलेला एक मूळ कथासंग्रह घ्यावा आणि पहिल्या कथेपासून शेवटच्या कथेपर्यंत, दिलेल्या क्रमाने, पुरा वाचावा. ‘निवडक’, ‘श्रेष्ठ’, ‘प्रातिनिधिक’ असे शिक्के असलेली पुस्तके त्यानंतरची.

कादंबरीवाल्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. लघुकथा हा दुय्यम प्रकार आहे, हा भालचंद्र नेमाड्यांचा आक्षेप मराठीत गेली कित्येक वर्षे गाजतो आहे आणि त्यात तथ्य आहे. नियतकालिकांच्या मागणीवर पोसलेली कथा चमत्कृतीकडे, शेवटच्या कलाटणीकडे झुकते. समाजाचा लांबरुंद पट, वर्षानुवर्षे बदलत जाणारी माणसे हे कादंबरीचेच बलस्थान. पण या आक्षेपाचा रोख सुट्या कथेवर आहे. संग्रह ही वेगळी वस्तू आहे. १९६३ साली नेमाड्यांची ‘कोसला’ ही कादंबरी आली, त्याच वर्षी बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला. दुसऱ्या पुस्तकाने मराठी वाङ्मयाला दिलेला हादरा पहिल्यापेक्षा कमी होता असे कोण म्हणेल? आणि ज्यांनी स्वतःची कादंबरी लिहिलीच नाही त्यांचे काय करायचे? जी. ए. कुलकर्णींनी अमेरिकन लेखक कॉनराड रिक्टरच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या, स्वतःची एकही लिहिली नाही. अर्जेंटिनाच्या बोर्हेसनेही नाही. त्यांच्यापर्यंत पोचायला कथेवाचून दुसरे दार नाही.

बागुलांचेच उदाहरण पुढे नेऊ. त्यांची शीर्षककथा अनेक ठिकाणी सुटी वाचायला मिळते: गुजरातेत रेल्वेच्या नोकरीवर रुजू झालेला तरुण, त्याने लपवलेली जात आणि ती उघड झाल्यावरची मारहाण. एवढीच वाचणाऱ्याच्या मनात बागुल जातीच्या अपमानाचा लेखक म्हणून पक्का होतो. ते खोटे नाही, अपुरे आहे. त्याच संग्रहात ‘वाटेवरची’मधली शरीर विकून जगणारी आणि आजारी लेकराकडे ओढ लागलेली बाई आहे, ‘गुंड’मधला वस्तीला धाक घालणारा दांडगा माणूस आहे. या सगळ्यांच्या संगतीत शीर्षककथा वाचली की दिसते ते असे: बागुलांना छळ दाखवून थांबायचे नाही, छळाने माणसातले माणूसपण किती उरते आणि कुठल्या क्षणी उसळून येते ते त्यांना तपासायचे आहे. शीर्षककथेतला तरुण अपमान गिळतो की त्याच्या पलीकडे जातो, या प्रश्नाचे उत्तर शेजारच्या कथा वाचल्याशिवाय धड देता येत नाही.

‘निवडक’च्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा वेळेचा आहे. नवा वाचक आठ-दहा संग्रह कधी वाचणार? जाणकाराने त्यातल्या उत्तम बारा कथा काढून दिल्या तर बिघडले कुठे? बिघडते ते असे. संपादक कथा निवडतो तेव्हा त्याच्यासमोर लेखकाची एक ठरलेली प्रतिमा असते आणि ती प्रतिमा सिद्ध करणाऱ्या कथा आत येतात. वाचकाला लेखक भेटतो खरा, पण आधीच ओळख करून दिलेला. उर्दू कथाकार मंटोचे हेच झाले. फाळणीवरच्या निवडींनी ‘टोबा टेकसिंग’ घरोघरी पोचवली आणि मंटो म्हणजे फाळणी हे समीकरण बसले. मुंबईच्या खोल्यांत, चित्रपटांच्या कंपन्यांत, वेश्यावस्तीत वावरणारा, ‘हतक’ आणि ‘बाबू गोपीनाथ’ लिहिणारा मंटो मागे पडला. मुंबईवर इतक्या बारकाईने लिहिणारा हा लेखक मराठी वाचकालाही आधी लाहोर-अमृतसरचा म्हणून ठाऊक होतो, हे विचित्रच आहे.

निवडीने लेखक कसा बदलतो याचा आणखी ठळक दाखला आपल्याकडे आहे. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी गावोगाव कथाकथनाचे कार्यक्रम केले. ज्यांनी उभ्या आयुष्यात कथासंग्रह विकत घेतला नसता अशा हजारो लोकांपर्यंत मराठी कथा त्यामुळे गेली. या कामगिरीचे मोल कमी करण्याचे कारण नाही. पण व्यासपीठ हेही एक निवडक पुस्तकच असते. भरल्या मांडवात जी कथा हशा पिकवते तीच पुढच्या गावी पुन्हा सांगितली जाते. शंकर पाटलांची ‘धिंड’ अशी अजरामर झाली आणि पाटील विनोदी लेखक म्हणून नोंदले गेले. ‘वळीव’ हा त्यांचा संग्रह उघडून पाहा: शेतावरचे ताण, नात्यांतली चीड, न बोललेली दुःखे. हशाची अपेक्षा धरून आलेला वाचक तिथे गोंधळतो. आणि ‘वळीव’पासून सुरुवात केलेल्याला ‘धिंड’ अधिक हसवते, कारण त्या हसण्याखाली काय आहे ते त्याला आधीच कळलेले असते. मिरासदारांची गोष्ट वेगळी. त्यांची व्यासपीठावरची आणि पुस्तकातली प्रकृती बरीचशी एकच.

संग्रहाचा क्रम अर्थ कसा घडवतो, हे आयरिश लेखक जेम्स जॉइसच्या ‘डब्लिनर्स’इतके स्वच्छ क्वचितच दिसते. १९१४ साली आलेल्या या पुस्तकात १५ कथा आहेत. बालपण, पौगंड, प्रौढपण आणि सार्वजनिक जीवन असा क्रम आपण योजला आहे, हे जॉइसने प्रकाशकाला पत्रातून कळवले होते. ‘अ‍ॅरबी’ ही त्यातली तिसरी कथा. मित्राच्या बहिणीसाठी भेटवस्तू आणायला निघालेला मुलगा बाजारात उशिरा पोचतो, दिवे मालवले जात असतात. कोवळ्या वयातल्या प्रेमभंगाची गोष्ट म्हणून ती असंख्य संकलनांत छापली जाते. पण संग्रहात तिच्या आधीची ‘अ‍ॅन एन्काउंटर’ वाचा. तिथे शाळा बुडवून पिजन हाउस पाहायला निघालेली मुले तिथवर पोचतच नाहीत. त्याच्या आधीच्या कथेत पहिल्याच परिच्छेदात लकवा हा शब्द मुलाच्या मनात घुमतो. म्हणजे ‘अ‍ॅरबी’मधली हुकलेली फेरी एकट्या मुलाची राहत नाही, ती शहराची सवय होते. हा अर्थ कथेत लपलेला नाही, दोन कथांच्या मध्ये आहे. आणि संकलन नेमके तेच कापून टाकते.

चेखवच्या बाबतीत तर हे कापणे अर्थाचा अनर्थ करते. १८९८ साली त्याने तीन कथा एकमेकींना जोडून लिहिल्या: ‘द मॅन इन अ केस’, ‘गूसबेरीज’ आणि ‘अबाउट लव्ह’. शिकारीला निघालेले बुर्किन आणि इव्हान इव्हानिच पहिल्या दोन कथांत एकेक हकिगत सांगतात, तिसरी त्यांचा यजमान अल्योहिन सांगतो. संकलनवाले बहुधा मधली उचलतात. तीत इव्हान इव्हानिच आवेशाने म्हणतो, की प्रत्येक सुखी माणसाच्या दाराआड कोणीतरी हातोडा घेऊन उभे राहावे आणि जगात दुःखी लोक आहेत याची ठोकून ठोकून आठवण द्यावी. सुटी कथा वाचणारा हे वाक्य चेखवचा संदेश म्हणून वहीत उतरवून घेतो. तिन्ही ओळीने वाचणाऱ्याला कळते, की हा संदेश एका म्हाताऱ्या पशुवैद्याचा आहे, ऐकणाऱ्यांना ती हकिगत कंटाळवाणी वाटली आहे आणि दुसऱ्या दिवशी अल्योहिन स्वतःच्या फसलेल्या प्रेमाविषयी बोलतो तेव्हा सुखाविषयीचे ते सगळे प्रवचन लंगडे पडते. ‘चेखव उपदेश करत नाही’ हे शंभर समीक्षकांनी सांगण्यापेक्षा या तीन कथा ओळीने वाचणे अधिक उपयोगी.

आता जी.ए. ‘कुठून सुरू करावे’ हा प्रश्न मराठीत सर्वाधिक वेळा विचारला जातो तो बहुधा यांच्याबद्दलच, आणि उत्तरेही ठरलेली. पहिले उत्तर ‘काजळमाया’, कारण १९७३चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला होता (प्रकाशनाच्या तारखेवरून वाद झाल्यावर जी.एं.नी तो परत केला). दुसरे उत्तर, आधी पत्रे वाचा. तिसरे, आधी सोप्या कथा वाचा, रूपककथा नंतर. यातले दुसरे मला सर्वांत घातक वाटते. पत्रांतून भेटतात ते धारवाडला इंग्रजी शिकवणारे, सभा-समारंभ टाळणारे, काळ्या चष्म्यामागचे गृहस्थ. ती दंतकथा इतकी मोहक आहे, की पुढे प्रत्येक कथेत वाचक त्या गृहस्थालाच शोधत राहतो. तिसऱ्या उत्तरात अडचण अशी, की जी.एं.चे दोन तुकडे होतात: एक घरगुती, गावाकडच्या माणसांचा, कळणारा, दुसरा मिथकांचा, अवघड, ‘थोर’. पहिल्यावर प्रेम करायचे, दुसऱ्याला नमस्कार करायचा.

१९७७चा ‘पिंगळावेळ’ घेतला तर हे तुकडे राहत नाहीत. एकाच बांधणीत ‘ऑर्फियस’ आहे, डॉन किहोतेचा प्रवास पुन्हा सांगणारी ‘यात्रिक’ आहे, एका अनोळखी मठात नेऊन तळघरात कोंडल्या गेलेल्या माणसाची ‘स्वामी’ आहे. आणि आईवेगळ्या लेकराची, तानीमावशीची ‘कैरी’ही आहे, जिच्यावर अमोल पालेकरांनी चित्रपट केला. संपादक या चौघींना कधीच शेजारी बसवणार नाही. ‘कैरी’ जाईल ग्रामीण किंवा बालमनाच्या विभागात, बाकीच्या रूपककथांत. संग्रहात मात्र ‘स्वामी’तले तळघर मनात ताजे असताना ‘कैरी’तले मावशीचे घर दिसते, आणि तेही कोंडलेलेच आहे हे कुणी सांगावे लागत नाही. माणसाने न मागता त्याच्या वाट्याला आलेली जागा, तिच्यातून सुटका नाही हे उमजणे आणि तरीही तिथे काहीतरी हिरवे जपणे: जी.एं.चा हा एकच ध्यास ग्रीक गायकापासून खेड्यातल्या पोरापर्यंत सारखा पसरलेला आहे. हे दिसले की ‘अवघड जी.ए.’ ही तक्रार बरीचशी विरते. ‘काजळमाया’ही चालेल, तिथेही ‘विदूषक’ आणि ‘प्रदक्षिणा’ यांचे असेच शेजार आहे. पण ‘विदूषक’मधला युक्तिवादाचा ताण नवख्याला लवकर दमवतो, म्हणून माझा कौल ‘पिंगळावेळ’ला.

यावर खरा बोचरा आक्षेप असा येतो: संग्रह तरी कुठे आकाशातून पडतो? कथा आधी ‘सत्यकथा’ मासिकात, दिवाळी अंकांत सुट्या येतात, चार-पाच वर्षांनी साठल्या की प्रकाशक पुस्तक काढतो. म्हणजे संग्रह हीदेखील निवडच, मग तिचे एवढे कौतुक कशाला? यातला पूर्वार्ध मान्य. पुष्कळ संग्रह केवळ साठलेले असतात आणि त्यांचा क्रम म्हणजे हाताला लागला तो क्रम. पण तशा संग्रहातूनही एक गोष्ट मिळते: एका विशिष्ट काळात लेखकाच्या डोक्यात काय काय एकाच वेळी चालले होते, त्याचा छेद. आणि निवड करणारा लेखक असेल तर त्याने गाळलेल्या कथाही बोलतात. म्हणूनच लेखकाच्या पश्चात निघालेली पुस्तके सुरुवातीला घेऊ नयेत. जी.एं.च्या निधनानंतर आलेल्या ‘कुसुमगुंजा’मध्ये चांगल्या कथा आहेत, पण ते पुस्तक त्यांच्या हाताने लागलेले नाही.

दुसरा आक्षेप, मूळ संग्रहात दुबळ्या कथाही असतात आणि पहिलीच कथा दुबळी निघाली तर वाचक कायमचा जातो. असे होते, हे खरे. तरीही दुबळी कथा टाळून लेखक ओळखता येतो का? यशस्वी कथेत कारागिरी लपलेली असते. फसलेल्या कथेत लेखकाच्या सवयी उघड्या पडतात. उपमांचा सोस, ठरावीक शेवट, एका प्रकारच्या स्त्रीपात्राशी अडखळणे हे तिथेच दिसते आणि मग उत्तम कथेत त्याने त्या सवयीवर कशी मात केली ते कळते. निव्वळ उत्कृष्टांचा हार वाचलेला वाचक भक्त होतो, जाणकार होत नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मूळ संग्रह मिळतच नसेल तर? मराठीत जुन्या कथाकारांचे किती संग्रह आज दुकानात उभे आहेत? आणि परभाषेतला लेखक तर निवडीतूनच येतो. ‘हार्ट लॅम्प’मधल्या १२ कथा बानू मुश्ताक यांच्या १९९० ते २०२३ या काळातल्या लेखनातून निवडलेल्या आहेत. दीपा भास्ती यांचे हे इंग्रजी भाषांतर झाले नसते, तर हासनमध्ये वकिली करणारी, ‘बंडाय’ या कन्नड विद्रोही साहित्य चळवळीतून आलेली ही लेखिका सीमेच्या अलीकडच्या आपल्यालाही ठाऊक झाली नसती. धारवाड आणि बेळगाव इतके जवळ असून. बोर्हेसचेही तसेच: १९६२च्या ‘लॅबिरिन्थ्स’ या निवडीने त्याला इंग्रजी जगात पोचवले. पण त्याच वर्षी ‘फिक्सिओनेस’ हा त्याचा मूळ संग्रहही इंग्रजीत आला, आणि त्यात बोर्हेसची स्वतःची प्रस्तावना होती: पाचशे पानांची पुस्तके लिहिण्यापेक्षा ती अस्तित्वात आहेत असे मानून त्यांचा सारांश द्यावा. त्या एका खुलाशाने आतल्या कथांचा खेळ उलगडतो. तेव्हा निवड हाच एक मार्ग असेल तर जरूर घ्यावा, फक्त आपण तेहतीस वर्षे बारा कथांत वाचतो आहोत याचे भान ठेवून. ‘हार्ट लॅम्प’ वाचून “लेखिका त्याच त्या विषयावर लिहिते” असे शेरे ऐकू आले; तो विषय तिने निवडलेला की निवडीने दाट केलेला, हे शेरा मारणाऱ्यांनी विचारलेच नाही.

पुस्तक हाती घेताना पाहायचे काय, तर सर्वांत आधी मुखपृष्ठाऐवजी मागचे श्रेयपान. पहिल्या आवृत्तीचे वर्ष लेखकाच्या हयातीतले आहे का? संपादकाचे नाव आहे का? असेल तर ते ‘निवडक’ आहे, नावात तो शब्द असो वा नसो. निवडकच असेल तर प्रत्येक कथेखाली मूळ संग्रह आणि वर्ष दिले आहे का? नसेल तर पुस्तक परत ठेवावे. ज्याला कथा कुठून उचलली हे सांगावेसे वाटत नाही, त्याने ती संक्षिप्त केलेली नसेल याची खात्री कशी धरायची? प्रस्तावना शेवटी वाचावी, विशेषतः समीक्षकाने लिहिलेली. ती शेवट तर फोडतेच, शिवाय कुठे थरारायचे तेही आधी सांगून ठेवते. लेखकाचे स्वतःचे मनोगत मात्र आधी.

वाचण्याच्या वेगाबद्दल कोणी बोलत नाही आणि बहुतेक घोटाळा तिथेच होतो. कादंबरीच्या सवयीने एका बैठकीत चार कथा उडवल्या जातात. तिसऱ्या कथेपासून पात्रांची नावे एकमेकांत मिसळतात, लेखकाचा सूर ओळखीचा होऊन रटाळ वाटू लागतो आणि “सगळ्या सारख्याच आहेत” असा निकाल लागतो. दिवसाला एक कथा, लांब असेल तर दोन दिवसांत एक. मध्येच दुसऱ्या लेखकाची कथा वाचू नये, वर्तमानपत्र चालेल. शीर्षककथेवर आधी उडी मारू नये, लेखकाने ती जिथे ठेवली आहे तिथेच ती भेटू द्यावी. चार कथांनंतरही काहीच पकड घेत नसेल तर सोडावे, पण पहिलीवरून नव्हे. आणि शेवटची संपली की लगेच पहिली पुन्हा वाचावी. ‘डब्लिनर्स’मधली ‘द डेड’ संपवून मरण पावलेल्या पाद्र्याच्या पहिल्या कथेकडे परत गेले, की पहिल्या वेळी निव्वळ विचित्र वाटलेले ते घर वेगळेच दिसते.

‘पिंगळावेळ’नंतर जी.एं.च्या वाचकाने १९५९च्या ‘निळासावळा’कडे मागे जावे आणि मग ‘पारवा’, ‘हिरवे रावे’, ‘रक्तचंदन’ असे क्रमाने वर यावे. ‘रमलखुणा’त ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दोनच दीर्घ कथा आहेत. त्या शेवटी, सलग रिकामा दिवस मिळेल तेव्हा. ‘सांजशकुन’ मात्र या नियमांना जुमानत नाही. त्यातल्या कथा इतक्या आटोपशीर आहेत, की त्या कुठल्याही दोन संग्रहांच्या मध्ये वाचता येतात, आणि एका दिवशी तीन वाचल्या तरी बिघडत नाही.